आपल्यापेक्षा बलवान माणूस अंगावर आला तर: शेतशिवारातील स्वसंरक्षण

निंदणाला जाणारी, वजनाने जेमतेम पंचेचाळीस किलो भरणारी बाई आणि रोज कापसाच्या गाठी चढवणारा दणकट गडी यांनी एकमेकांविरुद्ध ताकद लावली तर निकाल काय लागेल, हे कोणीही सांगू शकेल. त्यामुळे अशा प्रसंगी स्वसंरक्षणाचा हिशेब समोरच्याला लोळवण्यावर बसवून चालत नाही. त्याची पकड दोन-तीन क्षण ढिली करणे आणि त्या अवधीत माणसे असतील त्या दिशेने निघून जाणे, एवढेच उद्दिष्ट ठेवावे. कबड्डीत चढाई करणाऱ्याला सातही जणांना हरवायचे नसते. पायाला पकड बसली तरी तो मधल्या रेषेकडे झेपावतो आणि बोट टेकले की सुटतो. हा खेळ १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने प्रात्यक्षिकातून दाखवला होता आणि विदर्भातील बहुतेक गावांच्या शाळांच्या मैदानावर तो आजही खेळला जातो. ज्यांनी तो खेळला आहे त्यांच्या अंगात निम्मे स्वसंरक्षण आधीच मुरलेले असते. पुढील सर्व सूचना स्त्री-पुरुष, तरुण-वृद्ध अशा सर्वांसाठी आहेत, मात्र शेतात आणि रस्त्यावर एकटे असण्याचा धोका स्त्रियांना अधिक असल्याने उदाहरणे त्यांच्या बाजूने दिली आहेत.

आपली रेषा आधी ठरवावी

घरातून निघताना वाटेवरील माणसांची ठिकाणे मनात असावीत. फाट्यावरची चहाची टपरी, मोटारपंपाची खोली, जिथे कोणी जागलीला (राखणीला) असते ते वावर, शेजारच्या धुऱ्यापलीकडे (बांधापलीकडे) काम करणाऱ्या मजूर बाया, एसटीचा थांबा, अशी ही ठिकाणे असतात. पळायचे ठरल्यावर दिशा शोधण्यात वेळ गेला तर मिळालेले दोन क्षण वाया जातात. दिशा ऋतूप्रमाणे बदलते, हेही ध्यानात घ्यावे. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन कापलेले असते, त्यामुळे ते वावर मोकळे असते आणि दूरवरून दिसते. त्याच वेळी तूर डोक्याएवढी वाढलेली असते आणि तिच्या ओळींत दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. तुरीच्या कडेने जाणाऱ्या पांदण रस्त्यावर दोन्ही बाजूंनी बाभूळ आणि बेशरम माजलेली असेल तर तिथून एकटीने जाण्यापेक्षा थोडा फेरा पडला तरी उघड्या धुऱ्याने जावे.

पळण्याच्या दृष्टीने जमीनही पाहावी लागते. पावसानंतर काळी माती चपलेला थरावर थर चिकटते आणि पाय उचलता येत नाही, म्हणून अशा वेळी गवत असलेल्या धुऱ्यावरून पळावे. उलट उन्हाळ्यात पऱ्हाटीचे (कापसाच्या झाडांचे) आणि तुरीचे टोकदार खुंट तळपाय फाडतात, म्हणून शेतात जाताना पट्ट्याची चप्पल किंवा बूट घालावेत. अंगठ्यात अडकवायच्या स्लिपरने धावणे होत नाही. सहावारी साडीत पाय वर उचलून लाथ मारणे अवघड जाते, त्यामुळे साडी नेसणाऱ्या स्त्रियांनी पुढे दिलेल्या मार्गांपैकी कोपर, तळहात आणि टाच यांवर भर द्यावा आणि पळताना निऱ्या एका हाताने वर धराव्यात.

चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया भागात मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या बाया वाघ-अस्वलाच्या भीतीने गट करून जातात. माणसाच्या भीतीवरही तोच उपाय आहे, फक्त गटातील बाया एकमेकींच्या हाकेच्या अंतरात राहिल्या पाहिजेत आणि परतताना मोजणी झाली पाहिजे.

फोनची व्यवस्था आधीच करून ठेवावी. सर्व प्रकारच्या तातडीच्या मदतीसाठी ११२ हा एकच क्रमांक आहे, तर १८१ ही महिला मदतवाहिनी आहे. स्मार्टफोनमध्ये बाजूचे बटण लागोपाठ दाबून आपत्कालीन फोन लागण्याची सोय असते. ती आपल्या फोनमध्ये सुरू आहे की नाही आणि बटण किती वेळा दाबावे लागते, हे सेटिंगमध्ये पाहून ठेवावे. ११२ वर बोलताना केवळ गावाचे नाव पुरत नाही. कोणत्या फाट्यापासून आत, कोणत्या पांदणीने, कोणाच्या वावराजवळ आणि जमल्यास गट क्रमांक, असे सांगितले तर गाडी नेमकी पोहोचते. शिवारात अनेक ठिकाणी रेंज नसते, म्हणून ती कुठे मिळते त्या जागाही ठाऊक असाव्यात.

अंतर आणि आवाज

समोरच्याने हात लांब करून एक पाऊल टाकले तरी आपल्याला स्पर्श होणार नाही, इतके अंतर राखले की विचार करायला सवड मिळते. अंतर कमी होऊ लागताच एक पाय मागे घेऊन तिरपे उभे राहावे, हनुवटी किंचित खाली घ्यावी आणि दोन्ही तळवे छातीच्या उंचीवर उघडे धरावेत. ही ठेवण बघणाऱ्याला विनवणीसारखी दिसते, पण हात चेहरा वाचवायला आणि मारायला दोन्हींसाठी तयार असतात. मग ठणकावून, छोट्या वाक्यात बोलावे: "तिथंच थांबा. जवळ येऊ नका." कारण विचारले तर उत्तर देऊ नये, वाद घालू नये, तेच वाक्य पुन्हा म्हणावे.

येथे एका गोष्टीवर थांबणे भाग आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे असे दिसते की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. म्हणजे अंगावर येणारा माणूस बहुधा अंधारातला अनोळखी नसतो. तो नात्यातला असतो, शेजारचा असतो, मुकादम असतो किंवा ज्याच्या वावरात ती मजुरी करते तो मालक असतो. त्याला "काकाजी" किंवा "भाऊ" म्हणण्याची जिभेला सवय असते आणि हात उगारताना तीच सवय आडवी येते. माझ्या मते गावातल्या बहुतेक प्रसंगांत ताकदीपेक्षा हा संकोचच जास्त घात करतो. त्यामुळे काही मर्यादा आधीच, शांत डोक्याने ठरवून ठेवाव्यात. वाट अडवली की मोठ्याने बोलायचे, हात लावला की झटकून ओरडायचे आणि आडबाजूला ओढू लागला की पूर्ण जोराने मारायचे, असा क्रम ठरलेला असला की त्या क्षणी नाते आठवत बसावे लागत नाही. "काकाजी, तिथंच थांबा" हे पहिल्या पायरीवर चालते, पण हात पडल्यानंतर "सोड! हात सोड!" एवढेच ओरडावे आणि शक्य असल्यास त्याचे नाव घेऊन ओरडावे. नाव चारचौघांत ऐकू जाणे हीच ओळखीच्या हल्लेखोराची सर्वांत मोठी भीती असते. एका जागेवरून दुसऱ्या, अधिक आडोशाच्या जागी तो नेऊ पाहत असेल तर त्याला कोणत्याही परिस्थितीत विरोध करावा, कारण तिथे मदत पोहोचण्याची शक्यता आणखी कमी होते.

कुठे आणि कशाने मारावे

भीतीच्या भरात छाती धडधडते, नजर आकसते आणि बोटांची नाजूक कामे जमत नाहीत. म्हणून मनगट पिरगळण्याचे, सांधे अडकवण्याचे नाजूक डाव विसरून मोठ्या, साध्या हालचाली शिकाव्यात. एका दिवसाच्या शिबिरात मुलींकडून कौले फोडून घेण्याचे जे प्रकार होतात त्यांचा फोटोपलीकडे फारसा उपयोग नाही.

मूठ वळून तोंडावर मारल्यास मारणाऱ्याच्याच हाताचे हाड मोडू शकते. त्याऐवजी तळहाताचा मनगटाजवळचा टणक भाग नाकावर किंवा हनुवटीवर खालून वर मारावा. अगदी जवळ असताना कोपर हे सर्वांत कठीण हत्यार ठरते. ते जबड्यावर, गालफडावर किंवा मागच्या माणसाच्या बरगडीत मारावे. टाच पायाच्या वरच्या भागावर, नडगीवर किंवा टोंगळ्याच्या (गुडघ्याच्या) बाजूवर घालावी. डोळ्यांत बोटे घालणे आणि गळ्यावर मारणे हे गंभीर इजा करणारे उपाय आहेत, ते जीव किंवा अब्रू धोक्यात असतानाच वापरावेत, पण तशी वेळ आली तर कचरू नये.

जांघेत मारले की माणूस कोसळतोच, असा सर्वत्र समज आहे. प्रत्यक्षात पुरुष त्या जागेचे रक्षण सवयीने करतात, आणि दारू प्यालेल्या किंवा चिडलेल्या माणसाला वेदना उशिरा जाणवते. टोंगळा जांघेत बसला तर उत्तमच, पण परिणाम पाहत उभे राहू नये. दोन-तीन फटके लागोपाठ द्यावेत आणि निघावे. डोळ्यांत माती गेलेल्या किंवा टोंगळा वाकलेल्या माणसाला प्यालेला असला तरी पाठलाग करणे जड जाते, म्हणून दृष्टी आणि तोल या दोन गोष्टींवर घाव घालणे अधिक भरवशाचे असते.

पकडीतून सुटणे

मनगट धरले की प्रत्येक जण हात सरळ मागे ओढतो आणि इथेच बलवानाचे फावते. पकडीत चार बोटे एका बाजूला आणि अंगठा एकटा दुसऱ्या बाजूला असतो, त्यामुळे अंगठा आणि बोटांची टोके जिथे भेटतात तिथे पकड सर्वांत कमकुवत असते. मागे जाण्याऐवजी अर्धे पाऊल त्याच्याकडे टाकावे, आपले कोपर वाकवून त्याच्या कोपराकडे न्यावे, मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवावी आणि संपूर्ण अंग वळवत हात झटक्याने बाहेर काढावा. त्याने दोन्ही हातांनी आपला एक हात धरला असेल तर आपली मूठ दुसऱ्या हाताने पकडून, गुडघ्यांतून उठत, दोन्ही हातांच्या जोराने ती वर, आपल्या खांद्याकडे खेचावी. त्याच वेळी त्याच्या नडगीवर लाथ घातली की त्याचे लक्ष विभागते.

केस किंवा वेणी मागून धरल्यास पुढे ओढ घेऊ नये. आपले दोन्ही तळवे त्याच्या मुठीवर ठेवून ती डोक्याशी घट्ट दाबावी, त्याने वेदना कमी होते आणि मान ताब्यात राहते. मग डोके खाली ठेवत त्याच्याकडे वळावे आणि टोंगळ्यावर लाथ मारावी. उन्हासाठी डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्याची मोकळी टोके गळ्याभोवती न ठेवता कमरेला खोचून टाकावीत, कारण त्यांचा फास व्हायला वेळ लागत नाही.

गळा दाबला जाणे हा प्रकार सर्वांत धोक्याचा आहे. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्यास साधारण दहा सेकंदांत शुद्ध हरपू शकते, म्हणून इथे विचाराला वेळ नसतो. समोरून दोन्ही हातांनी गळा धरल्यास हनुवटी छातीकडे दाबावी, एक पाय मागे घ्यावा, त्या पायाच्या विरुद्ध बाजूचा हात कानाला लागेल इतका सरळ वर उचलावा आणि मागे घेतलेल्या पायाच्या दिशेने कमरेसकट पूर्ण वळावे. आपला खांदा आणि दंड त्याच्या मनगटांवर आडवा पडतो आणि हातांच्या पकडीविरुद्ध आपल्या सबंध शरीराचे वजन लागते. वळून झाले की उचललेल्या हाताचे कोपर त्याच्या तोंडावर उलटे हाणावे. मागून बाहू गळ्याभोवती आवळला असेल तर दोन्ही हातांनी तो बाहू खाली ओढून हनुवटी त्याच्या कोपराच्या खोबणीकडे वळवावी, म्हणजे श्वासाला जागा मिळते. मग खाली बसल्यासारखे वजन टाकावे, चावावे, पायावर टाच घालावी.

मागून कवळा घालून उचलून नेण्याचा प्रयत्न झाला तर ताठ होऊ नये. पाय फाकवून कमरेतून खाली बसावे, असे सैल, खाली गेलेले शरीर उचलणे ताकदवान माणसालाही जड जाते. उचललेच तर आपला पाय त्याच्या पायाला आतून वेढावा, त्याला चालता येत नाही. हात मोकळे असल्यास त्याची करंगळी शोधून ती मागे वाकवावी, कारण पूर्ण हात सोडवण्यापेक्षा एक बोट सोडवणे सोपे असते.

जमिनीवर पडल्यावर सगळे संपले असे समजू नये. तो उभा आणि आपण पाठीवर असलो तर पाय त्याच्या दिशेने ठेवावेत, तो फिरेल तसे फिरावे आणि नडगी-टोंगळ्यावर टाचांनी मारत राहावे. पालथे होऊ नये, पालथ्या माणसाला काहीच करता येत नाही. उठताना एक हात मागे जमिनीवर टेकवून, एक पाय त्याच्याकडे रोखून, मागच्या मागे उठावे. तो पोटावर बसला असेल तर दोन्ही पाय वाकवून टाचा कुल्ल्यांजवळ आणाव्यात, त्याचा एक हात दोन्ही हातांनी छातीशी आवळावा, त्याच बाजूचा त्याचा पाय आपल्या पायाने अडकवावा, आणि मग कंबर जोराने वर उचलून त्याच बाजूच्या खांद्यावरून तिरपे लोटावे. त्या बाजूला टेकायला त्याला ना हात उरतो ना पाय, म्हणून आपल्यापेक्षा जड माणूसही कलंडतो. कंबर सरळ वर उचलली तर तो परत तसाच बसतो. तिरपेपणा हाच या डावाचा जीव आहे आणि तो वाचून नव्हे, करूनच अंगी येतो.

हाताशी असलेल्या वस्तू

काठी असेल तर ती डोक्यावरून फिरवू नये, कारण फिरवलेली काठी मधेच धरता येते. दोन्ही हातांनी पकडून तिचे टोक पोटात, छातीत किंवा टोंगळ्यावर भोसकावे आणि लगेच मागे घ्यावे, टोक कायम दोघांच्या मध्ये राहू द्यावे. रात्री पाणी द्यायला किंवा जागलीला जाणाऱ्यांनी प्रखर बॅटरी बाळगावी आणि तिचा झोत थेट डोळ्यांवर टाकावा. मूठभर कोरडी मातीही डोळ्यांत फेकता येते. तिखटाची पूड सोबत ठेवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, परंतु वारा आपल्याकडे असला तर ती आपल्याच डोळ्यांत येते. विळा काढण्यापूर्वी मात्र दहा वेळा विचार करावा, कारण बलवान माणसाने तो हिसकावला की धोका अनेक पटींनी वाढतो. जीवच जाण्याची वेळ असेल तर गोष्ट वेगळी.

समोरच्याच्या हाती सुरा असेल आणि त्याला पैसे, मोबाइल किंवा पोत हवी असेल तर ती एका बाजूला फेकून दुसऱ्या बाजूला पळावे.

सराव

हे सारे आठवड्यातून दोन-तीनदा, घरातल्या किंवा ओळखीच्या अधिक वजनाच्या माणसाबरोबर, आधी अगदी संथ गतीने आणि मग हळूहळू जोर वाढवत करावे. हातावर दोन थापा मारल्या की सोडायचे, असा संकेत ठरवावा आणि तो कडकपणे पाळावा. गळ्याची पकड सरावात कधीही आवळू नये. तळहात, कोपर आणि टाच यांचे फटके कुटार (भुसा) भरून टांगलेल्या पोत्यावर पूर्ण जोराने मारावेत आणि प्रत्येक फटक्याबरोबर ओरडावे, कारण बऱ्याच स्त्रियांना हात उचलण्यापेक्षा आवाज काढणेच अवघड जाते. टोंगळे दुखणाऱ्या वयस्कांनी लाथा सोडून काठी आणि आवाजाचा सराव करावा.

कायदा आणि नंतरची कामे

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क दिलेला आहे. धोक्याची वाजवी भीती निर्माण होताच हा हक्क सुरू होतो, म्हणजे पहिला फटका खाण्याची वाट पाहावी लागत नाही. भीती टळली की तो संपतो, आणि बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करण्याची मुभा त्यात नाही. पळून जाणाऱ्या माणसाला गाठून मारले तर ते संरक्षण ठरत नाही. मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, अपहरण किंवा ॲसिडहल्ला यांची वाजवी भीती असेल तर मात्र कलम ३८ नुसार प्रतिकारात हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा होत नाही.

सुटका झाल्यावर प्रथम माणसांत पोहोचावे, मग ११२ आणि गावचे पोलीस पाटील यांना कळवावे. गळा दाबला गेला असेल तर वर खूण दिसत नसली तरी त्याच दिवशी रुग्णालयात जावे. आवाज बसणे, गिळताना दुखणे, श्वास अडखळणे ही लक्षणे काही तासांनीही दिसू शकतात. हल्लेखोराने चावले असेल तर जखम साबण-पाण्याने भरपूर धुऊन डॉक्टरांना दाखवावी. लैंगिक अत्याचार झाला असेल तर याच्या उलट, तपासणी होईपर्यंत आंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत आणि ते प्लॅस्टिकऐवजी कागदी पिशवीत ठेवावेत. अशा पीडितेवर सरकारी आणि खासगी अशा दोन्ही रुग्णालयांनी विनामूल्य उपचार करणे कायद्याने बंधनकारक आहे.

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. घटना आमच्या हद्दीतली नाही, या कारणाने ती नाकारता येत नाही. इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही ती पाठवता येते, फक्त तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. गावात बसून मिटवून घेण्याचा आग्रह झाला तरी आधी तक्रार नोंदवावी आणि तिची प्रत मागून घ्यावी, ती मोफत मिळते. ठाण्यात नोंद करून घेतली नाही, तर घडलेला सर्व मजकूर लिहून टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवावा आणि टपालाची पावती जपून ठेवावी.